मुलांच्या षटकांचा हिशेब कोण ठेवणार?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि शिवाजी पार्क मुलांनी गजबजून जातात आणि त्यांच्या पराक्रमाच्या बातम्या आपल्या दैनिकात नियमित वाचायला मिळतात. कोणताही अपघात न होता, पडझड न होता, केवळ एकच हालचाल पुरेशा विश्रांतीविना हजारो वेळा करावी लागल्यामुळे याच मुलांपैकी अनेकांना ज्या दुखापती जडतात, त्यांच्याकडे मात्र आपल्या शहराचे म्हणावे तसे लक्ष नाही. मी मुंबईतील एका मराठी शाळेत क्रीडाशिक्षक होतो आणि निवृत्तीनंतर शालेय व क्लब सामन्यांचे गुणलेखन करतो. या दोन्ही नात्यांनी जे पाहिले आणि त्यानिमित्ताने जे वाचून समजून घेतले, त्याच्या आधारे हे पत्र लिहीत आहे. माझे म्हणणे एकच आहे. खेळणाऱ्या मुलाच्या शरीरावर आठवड्याभरात एकूण किती भार पडतो, याचा एकत्रित हिशेब आज मुंबईत कोणाकडेही नसतो, आणि तो ठेवला जात नाही तोवर बाकीचे सगळे उपाय अपुरे पडणार आहेत.

गुणलेखकाच्या वहीत गोलंदाजाने टाकलेल्या प्रत्येक चेंडूची नोंद असते. त्यामुळे चौदा वर्षांच्या मुलाने एका टोकाकडून सलग अकरा षटके टाकली, तर ते आम्हाला त्या क्षणी दिसते. परंतु ही वही त्या सामन्याची असते. तोच मुलगा शुक्रवारी शाळेकडून खेळतो, शनिवारी अकादमीच्या संघातून खेळतो, रविवारी एखाद्या खासगी स्पर्धेत तिसऱ्याच संघाची टोपी घालून उतरतो आणि सोमवारी सकाळी नेटमध्ये पुन्हा तासभर चेंडू टाकतो. शाळेच्या सरांना अकादमीचे वेळापत्रक ठाऊक नसते, अकादमीच्या सरांना रविवारच्या स्पर्धेची कल्पना नसते आणि नेटमधले चेंडू तर कोणीच मोजत नाही. तीन वह्यांत विखुरलेल्या या आकड्यांची बेरीज कोणी करत नाही. प्रत्येक प्रशिक्षक आपापल्या परीने काळजी घेत असतो, हे मी जवळून पाहिले आहे. पण प्रत्येकाला त्या मुलाच्या आठवड्याचा एकच तुकडा दिसतो.

अशा एका मुलाचे उदाहरण देतो. उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करणारा, अंगाने किरकोळ पण एका वर्षात झपाट्याने उंच झालेला हा मुलगा षटक संपले की फाइन लेगला जाताना डावा तळहात कमरेवर, पाठीच्या कण्यापासून दोन बोटे अंतरावर दाबून धरत असे. चेंडू उचलायला वाकताना त्याला त्रास होत नव्हता. मागे झुकताना मात्र चेहरा आक्रसत असे. त्याच्या संघव्यवस्थापकाने स्प्रे मारला, वडिलांनी घरी मलम चोळले, आणि ओळखीच्या एका डॉक्टरांनी साधा एक्स-रे काढून काही नाही म्हणून सांगितले. तो पुढे आणखी काही सामने खेळला. शेवटी एमआरआय केला तेव्हा कमरेच्या मणक्याला डाव्या बाजूने स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवार पडलेल्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर, असल्याचे कळले आणि तो संपूर्ण हंगाम त्याला मैदानाबाहेर बसून काढावा लागला. यात कोणी दुष्टपणा केला असे मला वाटत नाही. जे चिन्ह मैदानावरच्या प्रत्येकाला दिसत होते, त्याचा अर्थ मात्र कोणालाच ठाऊक नव्हता.

तो अर्थ समजून घेणे अवघड नाही. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय क्रीजवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट, कधी त्याहूनही अधिक जोर जमिनीकडून उलटून त्याच पायातून कण्यापर्यंत पोहोचतो. त्याच क्षणी कंबर मागे झुकलेली, एका कुशीला वाकलेली आणि पिळलेली असते. हा सारा ताण मणक्याच्या मागच्या भागातील हाडाच्या एका अरुंद पट्टीवर, गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला एकवटतो. म्हणून उजव्या हाताच्या गोलंदाजाला दुखणे बहुधा डावीकडे होते. ताण पडलेले हाड स्वतःची डागडुजी करत असते, पण ती करण्याची त्याची रीत अशी आहे की खराब झालेला भाग आधी काढून टाकला जातो आणि नवे हाड नंतर भरले जाते. रस्ता दुरुस्त करण्यासाठी तो आधी खणावा लागतो, तसेच हे आहे, आणि खणलेल्या रस्त्यावरून वाहतूक चालूच ठेवली तर काय होते ते मुंबईकराला सांगायला नको. या दुरुस्तीला काही आठवडे नव्हे, महिने लागतात. मधल्या काळात हाड नेहमीपेक्षा दुबळे असते आणि आपण नेमक्या त्याच काळात मुलाला पुढच्या सामन्यात उतरवतो. सुरुवातीच्या टप्प्यात साध्या एक्स-रेत ही इजा बरेचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. म्हणूनच एक्स-रे चांगला आला म्हणजे मुलगा ठीक आहे, असे समजून चालत नाही.

वाढीच्या वयात हा धोका का वाढतो, हेही पालकांनी जाणून घ्यायला हवे. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते. हाडे आधी लांब होतात, त्यांच्यात खनिजे भरण्याचे काम मागाहून होते. प्रौढ वयातील एकूण अस्थिखनिजांचा जवळपास चौथा हिस्सा या वेगवान वाढीच्या दोनच वर्षांत जमा होतो, यावरून त्या काळात हाडांमध्ये किती मोठी उलथापालथ चाललेली असते याची कल्पना येईल. बाहेरून मुलगा दांडगा दिसू लागतो, चेंडूचा वेग अचानक वाढतो, प्रशिक्षकाचा विश्वास वाढतो आणि षटकेही वाढतात. आत मात्र हाड अजून तयार व्हायचे असते. आपली गाइल्स शिल्ड १४ वर्षांखालील आणि हॅरिस शिल्ड १६ वर्षांखालील मुलांसाठी आहे. शतकाहून जुन्या या स्पर्धांचा मला अतोनात अभिमान आहे. तरीही शालेय कारकिर्दीतला सर्वांत जास्त खेळ आणि शरीराचा सर्वांत नाजूक काळ मुलांच्या वाट्याला एकाच वेळी येतात, ही गोष्ट नजरेआड करता येणार नाही.

हे केवळ शाळकरी मुलांपुरते नाही, हे दाखवायला मोठी नावेही आहेत. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिलीला १९७३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात पाठीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरने गाठले होते. ऑस्ट्रेलियाच्या पॅट कमिन्सने नोव्हेंबर २०११ मध्ये जोहान्सबर्ग येथे वयाच्या अठराव्या वर्षी कसोटी पदार्पण केले, सामनावीराचा मान मिळवला आणि त्यानंतरची कसोटी खेळायला त्याला मार्च २०१७ मधील रांची कसोटीपर्यंत थांबावे लागले. मधली वर्षे मुख्यतः पाठीच्या दुखापतींनी खाल्ली. आपल्या जसप्रीत बुमराला २०१९ मध्ये पाठीत स्ट्रेस फ्रॅक्चर झाले, २०२२ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाला तो मुकला आणि मार्च २०२३ मध्ये त्याच्यावर न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. या तिघांच्या पाठीशी त्यांच्या देशाचे मंडळ, तज्ज्ञ डॉक्टर आणि फिजिओ उभे होते, त्यामुळे ते परतले. नालासोपाऱ्याहून किंवा बदलापूरहून लोकलने येणाऱ्या मुलाच्या पाठीशी कोण असते?

इतर देशांनी या प्रश्नाकडे पाहताना अगदी साधा मार्ग धरला : मोजणे. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने दीर्घकाळ अमलात ठेवलेल्या नियमांनुसार १४ आणि १५ वर्षांखालील गटातील वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये, म्हणजे सलग, सहा आणि दिवसभरात बारा षटकांपेक्षा अधिक षटके देता येत नाहीत. एक स्पेल संपल्यावर त्याने जितकी षटके टाकली तितकीच षटके त्याच टोकाकडून दुसऱ्यांनी टाकल्याखेरीज त्याला पुन्हा चेंडू हाती घेता येत नाही. अमेरिकेत मुलांच्या बेसबॉलमध्ये कोपराच्या अस्थिबंधाच्या दुखापती इतक्या वाढल्या की लिटल लीग या संघटनेने २००७ पासून डावांऐवजी प्रत्यक्ष फेकलेले चेंडू मोजायला सुरुवात केली. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ८५ फेकी, आणि ६६ च्या वर फेकी झाल्या तर चार दिवस सक्तीची विश्रांती, असा हा नियम आहे. आपल्याकडेही काही स्पर्धांत षटकांवर बंधने घातली जातात आणि त्याबद्दल आयोजकांचे कौतुकच केले पाहिजे. परंतु एका स्पर्धेतले बंधन दुसऱ्या स्पर्धेला लागू होत नाही, आणि मुलाची पाठ मात्र सगळ्या स्पर्धांत एकच असते.

येथे एक विसंगती मांडल्याशिवाय राहवत नाही. वयचोरी पकडण्यासाठी भारतीय क्रिकेट नियामक मंडळ १६ वर्षांखालील मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून त्यांच्या हाडांचे वय ठरवते. ही व्यवस्था आवश्यक आहे. मात्र ज्या चाचणीतून त्या मुलाची हाडे किती पक्व झाली आहेत हे आपल्याला कळते, तिचा उपयोग मुलाला पात्र किंवा अपात्र ठरवण्यापुरताच होतो. ज्याची हाडे अजून कोवळी आहेत असे त्याच एक्स-रेवरून सिद्ध झाले, त्या मुलाला कमी षटके द्यावीत, असा निष्कर्ष त्यातून का काढला जाऊ नये? माहिती हातात आहे, खर्च होऊन गेलेला आहे. उरते ती फक्त इच्छा.

क्रिकेटविषयी मी अधिक लिहिले, कारण ते मला जवळचे आहे. परंतु शाळेत असताना माझ्याकडे सर्वाधिक मुले यायची ती गुडघ्याची तक्रार घेऊन, आणि त्यात खो-खो, कबड्डी, बॅडमिंटन, बास्केटबॉल, लांब उडी असे सगळे खेळ असत. गुडघ्याच्या वाटीखाली दोन-तीन बोटांवर नडगीचे हाड जेथे सुरू होते, तेथे एक टणक उंचवटा आलेला असतो. त्यावर बोट टेकवले तरी मूल पाय मागे घेते आणि प्रार्थनेच्या वेळी गुडघ्यावर बसायला नको म्हणते. मांडीचा बळकट स्नायू ज्या कंडरेने त्या जागी जोडलेला असतो, ती कंडरा प्रत्येक उडीला आणि प्रत्येक धावेला अजून पक्क्या न झालेल्या हाडाला खेचत राहते, त्यामुळे हे होते. ऑस्गुड आणि श्लाटर या दोन डॉक्टरांनी १९०३ मध्ये स्वतंत्रपणे या विकाराचे वर्णन केले आणि त्यांच्याच नावांनी तो आजही ओळखला जातो. टाचेच्या मागच्या बाजूला होणारे असेच दुखणे आठ ते चौदा वर्षांच्या, विशेषतः फुटबॉल खेळणाऱ्या मुलांत दिसते. ही दोन्ही दुखणी बहुतेक मुलांमध्ये भार कमी केला, स्नायूंना ताण देण्याचे व्यायाम केले आणि वाढ पूर्ण झाली की आपोआप शमतात. त्यांना घाबरण्याचे कारण नाही, पण दुर्लक्ष करून त्यावरच उड्या मारत राहण्याचेही कारण नाही.

पालक अशा वेळी ‘वाढीचे दुखणे आहे, जाईल’ असे म्हणून मोकळे होतात. वाढत्या वयातले निरुपद्रवी दुखणे बहुधा संध्याकाळी किंवा रात्री, दोन्ही पायांत होते, नेमकी जागा दाखवता येत नाही आणि सकाळी मूल पुन्हा धावू लागते. अतिश्रमाचे दुखणे मुलाला एका बोटाने दाखवता येते, ते खेळताना वाढते, विश्रांतीने कमी होते आणि पुन्हा खेळले की परतते. मूल लंगडत असेल, दुखरी जागा सुजली असेल, रात्री दुखण्याने जाग येत असेल किंवा दोन आठवड्यांच्या विश्रांतीनेही फरक पडत नसेल, तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जावे. सामन्याआधी वेदनाशामक गोळी देऊन मुलाला उतरवण्याचा प्रकार तर तात्काळ बंद व्हायला हवा. वेदना ही त्या वयात शरीराने दिलेली एकमेव सूचना असते आणि गोळी ती सूचनाच पुसून टाकते.

जिम्नॅस्टिक्स आणि मल्लखांब करणाऱ्या मुलांची मनगटे, जलतरणपटूंचे खांदे, लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या नडग्या आणि तळपाय, या प्रत्येकाची कथा वेगळी असली तरी कारण तेच आहे.

आता मुंबईच्या वेळापत्रकाकडे पाहू. वार्षिक परीक्षेच्या काळात मुलांचा खेळ महिना-दीड महिना जवळजवळ बंद असतो. परीक्षा संपते आणि दुसऱ्याच आठवड्यात सुट्टीचे शिबिर सुरू होते. सकाळी तीन तास, संध्याकाळी दोन तास, भर एप्रिल-मेच्या उकाड्यात. हाडे आणि कंडरा वाढत्या भाराशी जुळवून घेतात, पण त्यांना हळूहळू चढणारी पायरी लागते. शून्यावरून एकदम शिखरावर नेलेला भार हे अतिश्रमाच्या दुखापतींचे सर्वांत नेहमीचे कारण आहे आणि आपले सुट्टीचे शिबिर नेमके तेच करते. पावसाळ्यात पुन्हा खंड पडतो आणि मैदाने उघडली की पुन्हा तोच प्रकार. शिबिरे बंद करा, असे मी म्हणत नाही. पहिल्या आठवड्यात निम्मा सराव, मग दर आठवड्याला थोडी वाढ आणि आठवड्यातून किमान एक पूर्ण सुट्टी, एवढे केले तरी कितीतरी मुले वाचतील.

प्रवास आणि झोप यांचा या प्रश्नाशी संबंध आहे, हे अनेकांना पटत नाही. विरारहून चर्चगेटला यायला दीड तास लागतो. एका खांद्यावर किटबॅग आणि दुसऱ्यावर दप्तर घेऊन पहाटेच्या गाडीला उभा राहणारा मुलगा रात्री शिकवणी आणि गृहपाठ आटोपून अकरापूर्वी झोपू शकत नाही. लॉस एंजेलिसमधील एका शाळेच्या खेळाडूंविषयी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या मुलांना दुखापत होण्याची शक्यता पुरेशी झोप घेणाऱ्यांच्या १.७ पट होती. शिकागो येथील डॉक्टरांनी अकराशेहून अधिक मुलांची पाहणी करून २०१५ मध्ये दाखवून दिले की, ज्या मुलांचे आठवड्याचे सरावाचे तास त्यांच्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त होते, त्यांना अतिश्रमाच्या गंभीर दुखापतींचा धोका अधिक होता. बारा वर्षांच्या मुलाने आठवड्याला बारा तासांहून अधिक संघटित सराव करू नये, हे सूत्र कोणत्याही पालकाला बोटांवर मोजता येण्यासारखे आहे. आपल्या अनेक अकादम्यांतील मुले हा आकडा गुरुवारीच ओलांडतात.

मुलींबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग मुंबईतच सुरू झाली, तेव्हापासून मैदानांवर येणाऱ्या मुलींची संख्या वाढलेली मी डोळ्यांनी पाहतो आहे आणि त्याचा मनापासून आनंद आहे. पहाटे चहा-बिस्किटावर घराबाहेर पडलेली मुलगी सराव, शाळा आणि पुन्हा सराव करून घरी परतेपर्यंत एखाद्या वडापावावर दिवस काढते, तेव्हा शरीराला खेळासाठी लागणारी आणि वाढीसाठी लागणारी ऊर्जा एकाच वेळी पुरवता येत नाही. मग पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि त्यासोबत हाडेही ठिसूळ होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेविषयी निवेदन काढून खेळाडूंना व प्रशिक्षकांना सावध केले. ऊर्जेची अशी तूट मुलांमध्येही येऊ शकते, हेही त्यात सांगितले आहे. आपल्याकडे मात्र पाळी लांबली तर स्पर्धेच्या दृष्टीने बरेच झाले, असे मानणाऱ्या मुली आणि क्वचित प्रौढही भेटतात. तीन महिने पाळी आली नाही, तर ती मुलगी डॉक्टरांकडे गेलीच पाहिजे. पुरुष प्रशिक्षकांना हा विषय बोलणे अवघड वाटते, म्हणून प्रत्येक अकादमीत मुलींना विश्वासाने बोलता येईल अशी एखादी तरी ताई किंवा शिक्षिका असावी.

माझ्या या मतांवर मैदानावरची ज्येष्ठ मंडळी एकच आक्षेप घेतात : आचरेकर सर सचिनला स्कूटरवर बसवून या मैदानावरून त्या मैदानावर नेत आणि एकामागून एक सामने खेळवत, त्याचे काय वाईट झाले? आचरेकर सरांविषयी माझ्या मनात निस्सीम आदर आहे. पण ती भटकंती फलंदाजीसाठी होती, आणि फलंदाजाच्या कण्यावर वेगवान गोलंदाजाइतका भार येत नाही. दुसरे असे की, वेगवान गोलंदाज होण्याच्या इच्छेने सचिन १९८७ मध्ये चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये गेला, तेव्हा तू फलंदाजीकडे लक्ष दे असे त्याला सांगणारे गृहस्थ डेनिस लिलीच होते. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जे टिकले त्यांची नावे आपल्याला पाठ असतात. त्याच काळात, त्याच मैदानांवर, त्याच कष्टांत ज्यांची पाठ किंवा खांदा गेला आणि जे नंतर कधी दिसलेच नाहीत, त्यांची यादी कोणी ठेवलेली नाही. शिवाय त्या पिढीतील मुले खेळाच्या तासांव्यतिरिक्त वाडीत लगोरी, विटीदांडू, पकडापकडी खेळत होती, झाडांवर चढत होती. शरीराला वेगवेगळ्या हालचालींची सवय होती. आजचा मुलगा आठव्या वर्षी थेट अकादमीत जातो आणि बारा महिने एकच हालचाल करतो, कारण वाडीत गाड्या उभ्या आहेत आणि शाळेच्या पटांगणात पेव्हर ब्लॉक बसवलेले आहेत. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१६ मध्ये जो सल्ला दिला, तो याच परिस्थितीसाठी आहे. त्यानुसार मुलाने आठवड्यातून एक-दोन दिवस आणि वर्षातून एकूण तीन महिने, एकेक महिना करून, आपल्या मुख्य खेळापासून दूर राहावे आणि पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत एकाच खेळाला वाहून घेऊ नये.

पालकांना दोष देणे सोपे आहे, पण ते मला न्याय्य वाटत नाही. चौदा वर्षांच्या मुलाने २०२५ मध्ये आयपीएलमध्ये शतक झळकावलेले साऱ्या देशाने पाहिले. दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडा गुण आहेत, शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाने कर्ज काढून बॅट घेतली असेल, तर मुलाला एक महिना बसवा, हा सल्ला त्यांना परवडत नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच विश्रांतीचा निर्णय एकट्या पालकावर किंवा एकट्या प्रशिक्षकावर सोपवता कामा नये. जो प्रशिक्षक मुलाला बसवतो, त्याच्याकडून मूल काढून शेजारच्या अकादमीत घातले जाते, हे वास्तव आहे. सर्वांना एकच नियम असेल, तरच तो कोणाला महाग पडणार नाही.

यासाठी मुंबई क्रिकेट असोसिएशन, मुंबई शालेय क्रीडा संघटना आणि जिल्हा क्रीडा कार्यालय यांना माझी विनंती आहे. प्रत्येक नोंदणीकृत मुलाला एक वही द्यावी आणि ती मुलाची असावी, संघाची नव्हे. सामना कोणत्याही स्पर्धेचा असो, त्या दिवशी टाकलेली षटके गुणलेखकाने त्या वहीत लिहून सही करावी. आम्हाला ते काम दोन मिनिटांचे आहे. सरावातले चेंडू प्रशिक्षकाने लिहावेत. नाणेफेकीच्या वेळी ओळखपत्रांबरोबर पंचांनी वेगवान गोलंदाजांच्या वह्या पाहाव्यात आणि आठवड्याची मर्यादा संपलेल्या मुलाला त्या सामन्यात चेंडू देऊ नये, मग तो फलंदाज म्हणून खुशाल खेळो. वहीच्या शेवटच्या पानावर दर तीन महिन्यांनी शाळेत मोजलेली उंची लिहिली, तर वेगाने वाढणारी मुले आपोआप लक्षात येतील आणि त्यांची षटके त्या काळापुरती कमी करता येतील. इतर खेळांसाठी षटकांच्या जागी तास लिहिता येतील. मोबाइलवरच्या ॲपची वाट पाहण्याची गरज नाही. वहीला रेंज लागत नाही आणि ती मुलाच्या किटबॅगेत मावते.

महापालिकेलाही येथे करण्यासारखे बरेच आहे. केईएम, शीव आणि नायर या तिन्ही रुग्णालयांशी संलग्न भौतिकोपचाराचे (फिजिओथेरपीचे) शिक्षण चालते. अंतिम वर्षाच्या आणि इंटर्नशिप करणाऱ्या विद्यार्थ्यांना हंगामात दर शनिवारी आझाद मैदानावर आणि शिवाजी पार्कवर एका तंबूत, वरिष्ठांच्या देखरेखीखाली बसवले, तर एका पायावर उभे राहून मागे झुकताना कंबर दुखते का, वाटीखाली दाबल्यावर मूल पाय ओढते का, अशा साध्या तपासण्या जागच्या जागी होतील आणि ज्याला एमआरआयची खरोखर गरज आहे त्याला वेळेत पुढे पाठवता येईल. विद्यार्थ्यांना अनुभव मिळेल आणि खासगी दवाखान्याची पायरी न चढू शकणाऱ्या मुलाला सल्ला मिळेल.

आणि एक विनंती आपल्यालाही. सकाळी एक सामना आणि दुपारी दुसरा खेळून बळी घेणाऱ्या मुलाची बातमी आपल्या पानावर कौतुकाने येते, दुखऱ्या गुडघ्याला पट्टी बांधून अंतिम फेरी खेळलेल्या मुलीला ‘जिगरबाज’ म्हटले जाते, आणि ते कात्रण प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून घरोघरी जपले जाते. आपल्या शब्दाला मैदानावर किती वजन आहे, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. शालेय सामन्याच्या धावफलकात वेगवान गोलंदाजाच्या नावापुढे त्याचे वय आणि त्या आठवड्यात त्याने टाकलेली एकूण षटके छापायला आपण सुरुवात केली, तर ज्या आकड्याची बेरीज आज कोणी करत नाही, ती शाळांना आणि अकादम्यांना करून आपल्याकडे पाठवावी लागेल. वर सुचवलेल्या वहीच्या एका पानाचा नमुना आखून या पत्रासोबत जोडला आहे. कोणत्याही शाळेला तो हवा असल्यास खुशाल झेरॉक्स काढून वापरावा, आणि आपण तो छापलात तर हॅरिस आणि गाइल्स शिल्डच्या पुढच्या हंगामापूर्वी तो अनेक शाळांपर्यंत पोहोचेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक व गुणलेखक,
परळ, मुंबई